लिटनसाहेबांचा लेथ

अमेरिकेला जाऊन आलेला माणूस दिवाळी अंकाच्या वाचकांना काही गोष्टी देणे लागतो, हे मला मान्य आहे. सोनेरी म्हणवणारा आणि प्रत्यक्षात शेंदरी असलेला तो पूल. रस्त्यात भोंगा न वाजवणाऱ्या मोटारी. सूनबाईंनी गुजराती वाण्याकडून आणलेली मेथीची जुडी आणि तिचे रुपयांत केलेले गणित. महाराष्ट्र मंडळात भेटलेले आणि बोलता बोलता आपल्याच आळीतले निघालेले गृहस्थ. हे सारे आम्ही उभयतांनी यथासांग केले. पण त्यातले काहीही मी येथे लिहिणार नाही. मी लिहिणार आहे एका लेथबद्दल.

लेथ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी कुंभाराचे चाक आडव्याचे उभे केले आहे आणि मातीच्या जागी लोखंड धरले आहे, अशी कल्पना करावी. माझे सारे आयुष्य या यंत्राजवळ गेले. माझ्या वडिलांनी १९७१ साली भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि जुन्या बाजारातून आणलेल्या एका लेथवर गेज करायला सुरुवात केली. गेज म्हणजे माप तपासण्याचे माप. त्याला दोन टोके असतात. एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. पहिल्याला कारखान्यात ‘गो’ म्हणतात, दुसऱ्याला ‘नो-गो’. दोन्ही गेली तर भोक मोठे, दोन्ही अडली तर भोक लहान. वडील प्रत्येक गेज स्वतः तपासत आणि मगच त्याच्या दांड्यावर आमचे आडनाव कोरीत. नाव नसलेला गेज भंगारात जाई. आज आमच्याकडे बावीस माणसे आहेत, संगणकावर चालणारी यंत्रे आहेत. पण नाव कोरण्याचा रिवाज तोच आहे.

२०२५च्या जानेवारीत मला एक पत्र आले. पत्र पाठवणारी कंपनी मुळात संगणकाच्या प्रणाली आणि लहानसहान इलेक्ट्रॉनिक उपकरणे करणारी. माणसे तरुण, कचेरी काचेची, बोलणे गोड. नाव सांगत नाही; सांगण्याची जरूरही नाही. या मंडळींना आता संरक्षण सामग्रीच्या उत्पादनात उतरायचे होते. त्यासाठी त्यांनी दोन वर्षांत एक ओतशाळा आणि तारांचे जुडगे बांधणारा एक कारखाना विकत घेतला होता. आता त्यांना अचूक मापाचे काम जाणणारे हात हवे होते, म्हणून ते आमच्या दारी आले. आकडा सांगत नाही. पण तो ऐकून सौभाग्यवतींनी तव्यावरची पोळी करपू दिली, एवढे पुरे.

त्यांचा हिशेब मला समजत होता. तोफेचा किंवा क्षेपणास्त्राचा भाग करायचा तर नुसती यंत्रे आणून भागत नाही. कारागीर तयार व्हावे लागतात, तपासनिसांचा विश्वास बसावा लागतो, आणि माल वर्षानुवर्षे वेळेवर व मापात दिल्याची नोंद असावी लागते. या गोष्टींना दहा-बारा वर्षे लागतात. चालता कारखाना घेतला की ती वर्षे एका सहीत मिळतात. पत्रात एक कलम मात्र मी दोनदा वाचले. विक्री ‘नाव आणि नावलौकिकासह’ व्हायची होती.

मी उत्तर पाठवले नाही. मिस्त्रींना सांगितले नाही. रात्री झोप लागेना. तेव्हा चिरंजीवांचा फोन आला. “बाबा, सही करायची घाई करू नका. दोन महिने इकडे या. आमच्या गावात असाच एक कारखाना होता. त्याची गोष्ट तुम्ही ऐकलीच पाहिजे.”

चिरंजीवांचे गाव सान कार्लोस. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर अशा चिंचोळ्या पट्टीत ते वसले आहे. स्टेशनाची दगडी इमारत १८८८ सालची, बसकी आणि देखणी. त्या रुळांवरून विजेची गाडी सुरू झाली ती २०२४च्या सप्टेंबरात, याचे चिरंजीवांना मोठे कौतुक. मी त्यांना नम्रपणे सांगितले, की बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी १९२५ साली सुरू झाली, आणि तिच्यात तुमचे पणजोबा बसले होते. परदेशात गेल्यावर स्वदेशाभिमानाचे असे बारीकसारीक प्रसंग शोधावे लागतात.

रुळांपलीकडे खाडीच्या अंगाला इंडस्ट्रियल रोड आहे. नावावरून आपल्या भोसरीची आठवण यावी. पण चहाची टपरी नाही, टेम्पो नाही, आणि रस्त्यावर लोखंडाचा कीस नाही. प्रयोगशाळा, गोदामे आणि मोटारी दुरुस्त करणारी दुकाने, असे त्याचे आजचे रूप. ‘सिलिकॉन व्हॅली’ हा शब्द जन्मालाही आला नव्हता, तेव्हा हा भाग निर्वात नळ्यांसाठी प्रसिद्ध होता. व्हेरियन बंधूंची कंपनी १९४८ साली याच गावात सुरू झाली. टेस्लाच्या मोटारीचे पहिले दिवसही इथलेच. आणि चार्ल्स लिटन या गृहस्थांचा कारखानाही इथलाच. ‘लिटन’ अशी पाटी शोधत मी तो रस्ता दोनदा पायी फिरलो. मला ती कुठेही दिसली नाही.

निर्वात नळी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना सांगायला नको. रेडिओ लावला की आतली काचेची नळी हळूहळू तांबूस व्हायची आणि मग गाणे यायचे. ती नळी म्हणजे ‘व्हॉल्व’. तिच्यातली हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेली असते. काच जिथे धातूला जोडली आहे तिथे केसाएवढी फट राहिली, तरी हवा आत शिरते आणि नळी मरते. सारे कसब त्या सांध्यात.

चार्ल्स लिटन १९०४ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मले. पोरवयापासून बिनतारी संदेशाचा नाद. त्या नादापायी नळ्या घरीच करायचे. स्टॅनफर्डला शिकले, न्यूयॉर्कला बेल प्रयोगशाळेत दोन वर्षे राहिले, आणि परत येऊन पालो अल्टोच्या फेडरल टेलिग्राफ कंपनीत नळ्यांच्या विभागाचे प्रमुख झाले. पुढे ती कंपनी दुसऱ्या एका बड्या कंपनीने घेतली आणि काम न्यू जर्सीला हलवले. लिटननी जायला नकार दिला आणि १९३२ साली स्वतःची ‘लिटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज’ काढली. म्हणजे या गोष्टीची सुरुवातही एका खरेदीपासूनच होते. विकत घेणाऱ्यांना कारखाना मिळाला. कारखान्यातला माणूस मात्र मागे राहिला.

लिटननी नुसत्या नळ्या केल्या नाहीत, नळ्या करण्याची यंत्रे केली. त्यांतले मुख्य म्हणजे काचेचा लेथ. तो पाहिल्याशिवाय मी परत जाणार नाही, असा हट्ट मी धरला. तेव्हा चिरंजीवांनी चार ठिकाणी चौकशी करून शास्त्रीय उपकरणांची काच करणारा एक वृद्ध कारागीर शोधून काढला. त्याच्या दुकानात लिटनचा जुना लेथ अजून चालू होता.

आपल्या लेथमध्ये जॉब एका बाजूने चकमध्ये पकडतात. चक फिरते आणि दुसरी बाजू नुसता आधार देते. या लेथला समोरासमोर दोन चक, आणि दोन्ही फिरणारी. डावीकडे काचेची एक नळी, उजवीकडे दुसरी, मधे गॅसच्या ज्योतींचे कडे. दोन्ही चक अगदी एका चालीने फिरली पाहिजेत. एक तसूभर पुढे गेली तर मऊ झालेली काच पिळलेल्या धुण्यासारखी मुरडते. म्हाताऱ्याने ज्योत पेटवली. काच पांढरी होती ती नारिंगी झाली, लोण्यासारखी थरथरली. त्याने एक चाक अलगद पुढे सारले. दोन नळ्या एकमेकींना लागल्या आणि एक झाल्या. सांधा कुठे होता ते सांगता येईना. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले, तरी सांगता येईना.

मी त्याला मोडक्या इंग्रजीत विचारले, यंत्राची देखभाल कोण करते? त्याने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवले. मग माझ्या हाताकडे पाहिले, बोटाच्या पेरावरचा जुना वण पाहिला, आणि न विचारताच म्हणाला, “तुम्हीही लेथवाले दिसता.” अमेरिकेत मला ओळखणारा तो पहिला माणूस.

लिटनच्या कारखान्यात रात्रपाळीला हौसेने येऊन काम करणाऱ्यांत १९३८ साली डेव्हिड पॅकार्ड नावाचे एक तरुण इंजिनिअर होते. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि ह्यूलेटनी पालो अल्टोच्या एका गॅरेजात आपली जगप्रसिद्ध कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात रडार आले. रडारला लहरी पुरवणारी नळी म्हणजे मॅग्नेट्रॉन. युद्धानंतरही लष्कराला मॅग्नेट्रॉन हवे होतेच, आणि लिटनचे मॅग्नेट्रॉन नावाजलेले होते. त्यांनी नळ्यांचा धंदा ‘लिटन इंडस्ट्रीज’ या नावाने वेगळा केला. कारखाना लहान, गिऱ्हाईक मात्र सैन्यासारखे.

ही हकिकत रात्री जेवताना चाललेली असताना सौभाग्यवती मधेच म्हणाल्या, “म्हणजे ते नळ्याच करायचे ना? बाँब तर नाही?”

“आई, रडार नुसतं बघतं. बाँब विमान टाकतं,” चिरंजीव म्हणाले.

“आणि गेज काय करतो?”

“गेज नुसतं मोजतो,” मी म्हणालो.

“मग झालं. आपलंही तेच,” असे म्हणून त्यांनी भात मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला ठेवला. त्या पेटीतही मॅग्नेट्रॉनच असतो, आणि पुढे लिटन कंपनीने तसल्या चुलीही विकल्या, हे मी त्यांना सांगितले नाही. त्या चुलीवर त्यांचा आधीच विश्वास कमी.

आता या गोष्टीत दुसरे गृहस्थ येतात. चार्ल्स थॉर्नटन, टोपणनाव ‘टेक्स’, कारण मूळचे टेक्सासचे. यंत्राशी यांचा संबंध नाही. यांचे हत्यार म्हणजे आकडा. महायुद्धात अमेरिकन हवाई दलाची आकडेवारी सांभाळणाऱ्या खात्याचे ते प्रमुख होते. युद्ध संपल्यावर १९४६ साली आपल्या हाताखालच्या हुशार माणसांसह ते फोर्ड कंपनीत गेले. अशा दहा जणांत पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झालेले मॅक्नमारा होते. तिथून थॉर्नटन ह्यूज एअरक्राफ्टमध्ये गेले. १९५३ साली नोकरी सोडून, रॉय अ‍ॅश आणि ह्यू जेमिसन या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी नवी कंपनी काढली. एका पेढीने त्यांना पंधरा लाख डॉलर उभे करून दिले. पहिली मोठी खरेदी कोणती? सान कार्लोसचा लिटनचा कारखाना. किंमत दहा लाख डॉलरच्या आसपास.

लिटन का विकायला निघाले? मोठा कारभार सांभाळणे हा त्यांचा पिंड नव्हता. यंत्र करावे, ते चालते पाहावे, आणि पुढच्या यंत्राला लागावे, असा माणूस. त्यांनी नळ्यांचा धंदा दिला आणि नावही दिले. लेथचा धंदा मात्र स्वतःजवळ ठेवला. १९५४ साली थॉर्नटननी आपल्या कंपनीचे मूळ नाव टाकून ‘लिटन इंडस्ट्रीज’ हेच धारण केले. कारण लष्करी खात्यांना ते माहीत होते. ज्या कलमावर माझी झोप उडाली होती, तेच हे कलम.

पुढची हकिकत ऐकावी तर एखाद्या राक्षसाची गोष्ट ऐकल्यासारखे वाटते. १९५८ साली मन्रो नावाची हिशेबाची यंत्रे करणारी कंपनी घेतली. १९६० साली जमिनीखालचे तेल शोधणारी कंपनी घेतली. १९६१ साली मिसिसिपी राज्यातली इंगल्स ही जहाजबांधणीची गोदी घेतली. १९६५ साली रॉयल टाइपरायटर घेतला. विमानाला आकाशात आपली जागा सांगणारी यंत्रे केली. १९६७ साली तर बर्फात ठेवलेले तयार जेवण विकणारी स्टाउफर कंपनीही घेतली. पहिल्या वर्षी तीसेक लाख डॉलरची विक्री असलेली कंपनी १९६६च्या सुमारास वर्षाला एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

एवढे पैसे कुठून आले? याची मेख चिरंजीवांनी कागदावर मांडून दाखवली, ती वाचकांनीही पाहावी. समजा, तुमच्या कंपनीला शेअरमागे एक रुपया नफा होतो आणि बाजार तुमच्या शेअरला तीस रुपये देतो. दुसऱ्याच्या कंपनीलाही रुपयाच नफा होतो. पण तिच्या शेअरला बाजार दहाच रुपये देतो. तुम्ही रोख न देता आपला एक शेअर देऊन तिचे तीन घ्यायचे. एका शेअरच्या मोबदल्यात तीन रुपयांचा नफा तुमच्या वहीत आला. काम कोणी जास्त केले नाही, माल कोणी जास्त केला नाही. तरी तुमचा शेअरमागचा नफा वाढला. बाजार खूष होतो, शेअर आणखी चढतो, आणि तुम्ही पुढच्या खरेदीला निघता. वाढ आहे तोवर हे चाक फिरते. पण थांबून चालत नाही.

१९६८च्या जानेवारीत ते अडखळले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच कंपनीने नफा घटल्याचे जाहीर केले आणि शेअर कोसळला. संरक्षणाचे काम मात्र वाढतच होते. १९७० साली अमेरिकन नौदलाने तीस विनाशिकांचे काम एकट्या लिटनच्या गोदीला दिले. ती जहाजे झाली, पण त्या दशकात गोदीच्या कामाने कंपनीचा घाम काढला. जेवणाची कंपनी १९७३ साली नेस्लेला विकली. तेलशोधाचा धंदा १९९४ साली वेगळा केला. आणि जिने इतक्यांना गिळले, त्या लिटनलाच २००१ साली नॉर्थ्रॉप ग्रमन या कंपनीने घेतले. नॉर्थ्रॉपनेही २०११ साली गोद्या वेगळ्या काढल्या. गंमत पाहा; मिसिसिपीतली ती गोदी आजही इंगल्स याच नावाने जहाजे बांधते. विकले गेलेले नाव टिकले आणि विकत घेणारे नाव गेले.

“मग लिटनसाहेबांचं काय झालं?” मी विचारले.

“ते बघायला तीन तास मोटारीत बसावं लागेल,” चिरंजीव म्हणाले.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. खाडी ओलांडली, टेकड्या मागे टाकल्या, आणि सॅक्रामेंटोच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चक्क भाताची खाचरे लागली. सौभाग्यवतींनी मोटार हळू करायला लावली. या खाचरांत बी विमानातून पेरतात, हे कळल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आणि लावणीची गाणी कोण म्हणतं?”

ऑबर्न गावावरून रस्ता सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या डोंगरांत शिरतो. ओक आणि पाइनची दाटी, लाल सालीची मॅन्झनिटाची झुडपे, माती आपल्या महाबळेश्वरसारखी तांबडी. सुमारे चोवीसशे फूट उंचीवर ग्रास व्हॅली हे गाव लागते. गवताची दरी हे त्याचे नाव. पण कीर्ती सोन्याची. इथली एम्पायर खाण १८५० साली सुरू झाली आणि १९५६ साली बंद पडली. त्या अवधीत तिच्यातून ५८ लाख औंस, म्हणजे सुमारे १८० टन सोने निघाले. जमिनीखालचे बोगदे ३६७ मैल. पुण्याहून मुंबईला चार वेळा जावे इतके. सोन्याचा भाव सरकारने १९३४ सालापासून औंसाला ३५ डॉलर बांधून ठेवला होता, मजुरी मात्र वाढत होती. सोने संपले म्हणून खाण बंद पडली नाही. परवडेना म्हणून पडली. खाणीच्या तोंडाशी उभे राहिले की आतून गार वारा येतो. नातीने आत डोकावून साद घातली. साद परत आली नाही.

खाणीत काम करायला इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून माणसे आली होती. त्यांचा डबा म्हणजे पेस्टी. गावात ती अजून मिळते. आम्ही भाजीची घेतली. “ही तर तिखटाची करंजी!” सौभाग्यवतींनी निकाल दिला, आणि मुरड घातलेली नाही, हा दोषही लगेच दाखवला.

तिथून नॉर्थ स्टार खाणीचे जुने शक्तिगृह पाहिले. तिथे तीस फूट व्यासाचे एक पेल्टन चाक उभे आहे. ज्याच्या कडेला जोडवाट्या आहेत आणि त्यांवर उंचावरून आलेल्या पाण्याचा फवारा आदळतो, ते हे चाक. लेस्टर पेल्टन यांनी ते याच डोंगरात शोधले. १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजगृह सुरू झाले ते याच जातीच्या चाकांवर, आणि कोयनेलाही तीच. मला उगाचच माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. पेल्टनचे नाव चाकाला लागले आणि लागूनच राहिले. कारण जिथे चाक तिथे त्याची कल्पना.

लिटन १९५४ साली आपली लॅबोरेटरी घेऊन याच गावात आले. खाण शेवटचे श्वास घेत होती, आणि हा गृहस्थ लेथ घेऊन येत होता. त्यांच्यामागून त्यांचे स्नेही डॉक्टर डोनाल्ड हेअर आले, आणि १९५९ साली त्यांनी ग्रास व्हॅली ग्रुप काढला. दूरचित्रवाणीच्या चित्रांची अदलाबदल करणारी त्यांची यंत्रे पुढे जगभर गेली. खाण बंद पडलेल्या गावात पोरांना दुसरे काम मिळाले ते असे. लिटन १९७२ साली वारले. तोवर त्यांचे नाव टाइपरायटरवर लागले होते, गोठवलेल्या जेवणाच्या मालकांनी लावले होते, आणि विनाशिकांच्या करारावरही आले होते. त्यांतल्या कशालाही त्यांचा हात लागलेला नव्हता.

कॉलेजाच्या आवाराजवळ ‘लिटन ट्रेल’ नावाची एक पायवाट आहे. तिन्हीसांजेला आम्ही तिच्यावरून चाललो. पाटी लहानशी. बाकीचे पुढे गेले, मी पाटीपाशी थांबलो. अब्जावधी डॉलरच्या कंपनीवरचे ते नाव आता पुसले गेले आहे. राहिले आहे ते इथे, एका पायवाटेवर, आणि सान होजेकडच्या एका म्हाताऱ्याच्या लेथवर. मला एकाएकी वडिलांचा हात दिसला. चष्मा कपाळावर, गेज उजेडात धरलेला, आणि डाव्या हातात नाव कोरायची लेखणी.

जूनमध्ये आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना केबिनमध्ये बोलावून सारे सांगितले. आमचे मिस्त्री वडिलांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांचा धाकटा मुलगा सैन्यात आहे. मला वाटले, ते रागावतील. ते बराच वेळ गप्प राहिले.

“साहेब, सैन्याचा माल करायला माझी ना नाही. माझ्या पोराच्या हातात जे जाईल ते मापात असलं पाहिजे. पण तपासणार कोण?”

“नवे मालक.”

“आणि नाव?”

मी उत्तर दिले नाही. आपल्या भाषेत सुताराचीही हत्यारे आणि शिपायाचीही हत्यारे; खंडेनवमीला दोन्हींची पूजा एकाच फुलांनी होते. तेव्हा शस्त्राला माझा विरोध नव्हता. अडत होते ते एवढेच, की ज्यावर आमची नजर फिरलेली नाही त्यावर आमचे नाव कोरले जाणार होते. एक टोक आत जात होते, दुसरे जात नव्हते. आमच्या धंद्यात याचा अर्थ भोक मापात आहे असा होतो.

ऑगस्टात व्यवहार झाला. मोठी शेड, संगणकी यंत्रे आणि चालू कामे मी दिली. माणसांची नोकरी मागल्या वर्षांसह चालू राहील, हे लेखी घेतले. नाव दिले नाही. त्याबद्दल आकडा सहाव्या हिश्श्याने खाली आला. चिरंजीवांनी फोनवर थोडा वेळ मौन पाळले. दोन तरुण कारागिरांना नव्या मालकांची शिस्त मानवली नाही. ते दिवाळीआधीच सोडून गेले. त्यांचे मला वाईट वाटते. वडिलांचा जुना लेथ, तपासणीची खोली आणि मिस्त्री एवढे मात्र आमच्याकडे राहिले. शेजारच्या लहान गाळ्यात आता आम्ही चौघे आहोत. नव्या मालकांचे गेजही आमच्याकडेच येतात; त्यांना नाव नको असले तरी माप लागतेच.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मिस्त्रींनी जुना लेथ पुसून लख्ख केला, हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला. एक हार हातात उरला. भिंतीपलीकडून मोठ्या शेडमधल्या यंत्रांचा आवाज येत होता.

“साहेब, तिकडच्या यंत्रांना हार घातला असंल का कुणी?”

“नसेल बहुधा. त्यांची सगळी मुलं नवी आहेत.”

“मग घालून येऊ?”

“या घालून,” मी म्हणालो. ते हार घेऊन गेले, आणि अर्ध्या तासाने तिकडच्या पाच-सहा पोरांना आमच्याकडच्या प्रसादाला घेऊन आले.